न दुखणारा चटका

वैशाखात कुरडयांचा घाट घातला, की घरातलं सगळ्यात मोठं पातेलं माळ्यावरून खाली येतं. तीन दिवस भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक त्यात रटरटत असतो, बायका आळीपाळीने तो घोटत असतात आणि सुट्टीला आलेली पोरं गरम चीक वाटीत मिळेल या आशेने भोवती घुटमळत असतात. चटका बसण्याच्या दृष्टीने हा चीक उकळत्या पाण्याहून वाईट. पाणी निदान ओघळून जातं. चीक अंगाला चिकटून बसतो आणि आपली ऊब सावकाश कातडीत उतरवत राहतो. एखाद्या पोराचा हात त्यात गेला, की गलका होतो. आजी चुन्याची निवळी आणि खोबरेल मागते, काकू टूथपेस्ट घेऊन धावते, कुणी फ्रीजच्या दारात बर्नॉलची पिवळी ट्यूब शोधतं. शेजारीण म्हणते, "आता रडायचा थांबला ना, मग काही नाही."

बहुतेक वेळा ती बरोबर असते. जेव्हा नसते, तेव्हा ते फार महागात पडतं.

भाजण्याच्या पायऱ्या मराठीने केव्हाच पाडून ठेवल्या आहेत. चटका बसतो तो क्षणाचा. उन्हाने आणि वाफेने माणूस पोळतो. तव्यावर हात भाजतो. आगीत सापडलेला होरपळतो, आणि ‘जळाला’ म्हटल्यावर पुढचं विचारायची सोय उरत नाही. बोलीने या पायऱ्या नुसत्या डोळ्यांनी पाहून पाडल्या. वैद्यकाला त्या बांधायला दोनेक हजार वर्षं लागली, शिवाय अनेकदा मोडून पुन्हा बांधाव्या लागल्या. अडचण एकाच जागी होती: माणूस ज्या भाजण्याला सगळ्यात मोठ्याने ओरडतो, ते सगळ्यात खोल नसतं.

सुश्रुताला हे नीट पाहता आलं, कारण तो स्वतः माणसांना भाजत असे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला बारावा अध्याय अग्निकर्माचा आहे. व्याधी घालवण्यासाठी तापवलेल्या सळईने, गुळाने, मधाने किंवा तेला-तुपाने मुद्दाम डाग कसा द्यायचा, याचं ते शास्त्र. सगळ्या ऋतूंत हे कर्म करावं, फक्त शरद आणि ग्रीष्म वर्ज्य, असा त्याचा दंडक आहे. प्राणावर बेतलं असेल तरच उन्हाळ्यात अपवाद. रोज हातात तापलेली सळई धरणाऱ्याला डाग हुकला तर काय होतं हे ठाऊक असणारच. म्हणून त्याच अध्यायात चार प्रकार येतात. प्लुष्ट म्हणजे नुसतं पोळणं, कातडीचा रंग बदललेला. दुर्दग्ध म्हणजे फोड, लाली, आग आणि लवकर न शमणारी वेदना. सम्यग्दग्ध म्हणजे वैद्याला हवा तसा बसलेला, फार खोल न गेलेला डाग. आणि अतिदग्ध म्हणजे मांस लोंबतंय, शिरा-स्नायू-सांधे-हाडांपर्यंत इजा पोचलीय, ताप, तहान, मूर्च्छा. ही जखम उशिरा भरते आणि भरल्यावरही रंग बदललेलाच राहतो.

या यादीत एक गोष्ट लक्ष वेधून घेते. तीव्र वेदना त्याने दुर्दग्धाच्या खात्यात टाकली आहे. अतिदग्धाचं वर्णन करताना तो बोलतो ते मूर्च्छेबद्दल, तहानेबद्दल, म्हणजे सबंध देहाच्या अवस्थेबद्दल. त्याच ओघात तो सांगून जातो की गरम तेला-तुपाने भाजलेलं जास्त ठणकतं, कारण स्निग्ध पदार्थ बारीक शिरांतून चटकन आत शिरतो. भजी तळताना हातावर तेल उडालेल्या कुणालाही हे पटेल. पुढे धुराने कोंडलेल्या माणसाचं, म्हणजे ‘धूमोपहता’चं, वर्णन आहे: धाप, खोकला, डोळ्यांची आग, वास आणि चव जाणं. आगीत न भाजलेला माणूसही धुराने दगावतो हे एवढ्या जुन्या ग्रंथात स्वतंत्रपणे नोंदलेलं आढळावं, याचं नवल वाटतं. आणि एक ओळ खास उन्हाळ्याची: ऊन आणि उष्ण वाऱ्याने पोळलेल्याला नेहमी शीत उपचारच करावेत.

युरोपात याच वाटेने जाणारा पहिला ठळक माणूस आंब्रोझ पारे. हा फ्रेंच सैन्याचा न्हावी-शल्यविशारद. लॅटिन न येणारा, पण डोळे उघडे ठेवणारा. इटलीतल्या मोहिमेत एका सरदाराच्या मुदपाकखान्यातला पोऱ्या उकळत्या तेलाच्या कढईत पडला. पारे औषधवाल्याकडे नेहमीची थंड औषधं आणायला गेला, तिथे उभ्या असलेल्या एका खेडवळ म्हातारीने त्याला सांगितलं: कच्चा कांदा मीठ घालून ठेच आणि लाव, फोड येणार नाहीत. त्याने लावून पाहिलं. जिथे कांदा लागला होता तिथे फोड नव्हते, बाकी ठिकाणी होते. पुढे बंदुकीच्या दारूने तोंड भाजलेला एक जर्मन शिपाई आला तेव्हा पारेने त्याच्या अर्ध्या चेहऱ्याला कांदा आणि अर्ध्याला नेहमीचं औषध लावलं. १५४५ च्या त्याच्या पुस्तकात ही हकिगत आहे. कांद्याचा गुण बाजूला ठेवला, तरी एकाच माणसाच्या दोन गालांवर दोन उपचार करून ताडून पाहण्याची ही कल्पना पुढच्या चारशे वर्षांत कितीतरी मोठ्या डॉक्टरांना सुचली नाही.

भाजण्याच्या ‘डिग्र्या’ मात्र जर्मन शल्यविशारद विल्हेल्म फॅब्री याच्या. त्याचं भाजण्यावरचं स्वतंत्र पुस्तक १६०७ साली बाझल इथे छापलं गेलं. त्यात तीन पायऱ्या होत्या. (त्याची बायको मारी कोलिने हीही नावाजलेली शल्यविशारद होती. डोळ्यात गेलेला पोलादाचा कण लोहचुंबकाने काढण्याची युक्ती तिची, हे फॅब्रीनेच लिहून ठेवलं आहे.) १८३२ मध्ये पॅरिसच्या दुप्युइत्राँने तिनाच्या सहा पायऱ्या केल्या, पार कोळसा झालेल्या हाडापर्यंत. पण दवाखान्यात व्यवहारासाठी तीनच टिकल्या. ‘थर्ड डिग्री’ म्हटल्यावर मराठी वाचकाला आधी पोलीस चौकी आठवते हा भाषेचा खेळ. भाजण्यातली थर्ड डिग्री हिच्या नेमकी उलट असते: तिथे वेदनाच उरलेली नसते.

कारण सरळ आहे. वेदना कळवणारे मज्जातंतू कातडीच्या आतल्या थरात असतात. वरचा पापुद्राच भाजला तर ते चवताळतात, हुळहुळतं, पण पाच-सहा दिवसांत साल निघून जागा कोरी होते. भाजणं त्याच्या खालच्या थरात उतरलं की फोड धरतो, फोडाखालची जागा ओलसर गुलाबी दिसते आणि वाऱ्याची झुळूकही सोसत नाही. त्याही खाली गेलं की कातडी पांढुरकी, मेणासारखी, तपकिरी किंवा चामड्यासारखी ताठ होते. फोड नाही, ओल नाही, आणि तंतूच जळून गेल्यामुळे बोट लावलं तरी फारसं कळत नाही. रडायचा थांबलेला पोरगा बरा झालेला असू शकतो. त्याचे मज्जातंतू जळालेले असू शकतात, हेही तितकंच खरं. शंका आली की टाचणीचं टोक हलकेच टेकवून पाहायचं, ही डॉक्टरांची जुनी रीत याच कारणाने पडली. घरी मात्र जखमेत टाचण्या टोचत बसू नये. पांढरी, कोरडी, न दुखणारी जागा दिसली की रिक्षा बोलवावी, ती जागा रुपयाएवढी असली तरी.

पाठ्यपुस्तकांतला एक दोष इथेच सांगायला हवा. ती लिहिली गेली गोऱ्या कातडीवर, त्यामुळे पहिल्या पायरीची खूण म्हणून सगळीकडे ‘लाल’ हा शब्द येतो. सावळ्या कातडीवर ती लाली उमटतेच असं नाही. जागा काळपट किंवा जांभळट दिसते, कधी काहीच दिसत नाही. तिथे रंगापेक्षा स्पर्श जास्त खरा: ऊब, सूज, हात लावल्यावर होणारी आग.

आणि पहिल्या दिवशीचा अंदाज कच्चाच असतो. १९५३ मध्ये बर्मिंगहॅमच्या अपघात रुग्णालयातल्या डग्लस जॅक्सनने भाजलेल्या जागेची तीन वर्तुळं मांडली. मध्यभागी मेलेली पेशीजाळी, तिच्याभोवती रक्तप्रवाह मंदावलेला पट्टा, आणि बाहेर नुसती सुजलेली कड. मधला पट्टा जगेल की मरेल हे पुढच्या दोनेक दिवसांत ठरतं. काल दुसऱ्या पायरीवर असलेलं भाजणं परवा तिसऱ्या पायरीवर का दिसतं, याचा उलगडा त्यामुळे झाला. एकदा दाखवून आणलं म्हणून भागत नाही. दोन दिवसांनी पुन्हा दाखवावं लागतं ते यासाठी.

भाजल्या जागेवर पहिलं काय घालायचं, यावरून झालेलं भांडण तर याहून जुनं. सुश्रुताचं मत आज वाचून माणूस दचकतो: नुसत्या पोळण्याला तो शेक द्यायला सांगतो, थंड पाणी नको म्हणतो, कारण त्याच्या मते गारव्याने रक्त थिजतं. फोड आले असतील तर थंड आणि गरम दोन्ही. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात हाच वाद नव्याने पेटला. एडवर्ड केंटिश याने १७९७ मध्ये कोळसा खाणींत भाजणाऱ्या मजुरांवर पुस्तक लिहिलं आणि टर्पेंटाइनचा उष्ण उपचार सांगितला. दोनच वर्षांनी सर जेम्स अर्ल यांनी बर्फ आणि गार पाण्याची बाजू घेतली. दोघांच्या मधून तिसराच उपाय लोकांत रूढ झाला. स्कॉटलंडच्या कॅरन लोखंड कारखान्यात जवसाचं तेल आणि चुन्याची निवळी फेसून भट्टीवाल्यांच्या जखमांना लावत. हे ‘कॅरन तेल’ पुढे शंभरेक वर्षं दवाखान्यांतून नांदलं. जवसाच्या जागी खोबरेल घातलं, की ती आपल्या आजीची निवळीच. कुणाकडून कुणी घेतलं हे शोधत बसण्यात अर्थ नाही. तेल आणि चुना जिथे हाताशी, तिथे हे सुचणार.

भांडणाचा निकाल लावला आइसलँडच्या एका डॉक्टरने. ओफेगुर ओफेग्सन याने उंदरांवर प्रयोग करून १९५९ साली दाखवलं की भाजल्याबरोबर जागा बराच वेळ साध्या गार पाण्यात धरली, तर भाजणं खोल उतरायचं थांबतं. बर्फाने उलट नुकसान होतं, कारण रक्तवाहिन्या आकसतात आणि तो मधला पट्टा उपाशी मरतो. आजचा जगभरचा सल्ला तिथून निघाला: वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. दोन नाही, वीस. पाणी मिळायला उशीर झाला असेल, तरी पहिल्या तीन तासांत त्याचा उपयोग होतो. लहान मूल आणि मोठी जखम असेल तर बाकीचं अंग पांघरुणात ठेवावं, नाहीतर तेच गारठतं. मे महिन्यात आपल्याकडे आणखी एक अडचण असते, ती आइसलँडच्या डॉक्टरला कळली नसती. दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या काळ्या टाकीतून नळाला येणारं पाणीच पोळतं. तेव्हा माठ उपडा करावा. टंचाईच्या गावात वीस मिनिटांचं पाणी म्हणजे चैन वाटेल; घमेल्यात हात बुडवून ठेवला आणि पाणी बदलत राहिलं तरी चालतं.

हातावरची अंगठी, बांगडी, पायातलं पैंजण सूज चढायच्या आत काढायचं. कातडीला चिकटलेलं कापड ओढायचं नाही. फोड फोडायचा नाही. एवढं सोडून बाकी सारं डॉक्टरवर सोपवलेलं बरं.

उन्हाने पोळणं ही आणखी वेगळी गोष्ट, हे कळायला १८२० साल उजाडावं लागलं. एव्हरार्ड होम या इंग्रज शल्यविशारदाने आपले दोन्ही हात उन्हात धरले, एक उघडा आणि एक काळ्या कापडाखाली. काळ्या कापडाखालचा हात जास्त तापला, थर्मामीटरने तसंच सांगितलं. पोळला मात्र उघडा. याचा अर्थ ऊन भाजतं ते उष्णतेने नव्हे. जर्मन शास्त्रज्ञ रिटरने १८०१ मध्ये जांभळ्याच्या पलीकडचे न दिसणारे किरण शोधले होते; दोन्ही गोष्टींची गाठ घालून ती प्रयोगाने पक्की केली स्वीडनच्या योहान विडमार्कने, १८८९ मध्ये. दरम्यान हिंदुस्थानातल्या साहेबाने आपला वेगळाच सिद्धान्त बेतला होता. इथलं ऊन कवटीतून आणि पाठीच्या कण्यातून आत शिरतं या भीतीने तो शोल्याच्या भेंडाची सोला टोपी घाली, आणि फौजी शिपायाच्या पाठीवर कण्याला झाकणारी कापडाची गादी शिवली जाई. त्याच उन्हात डोक्याला मुंडासं आणि खांद्यावर घोंगडी टाकून शेतकरी नांगर धरत होता, त्याच्या कण्याची चिंता कुणी केली नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने टोपीचा आग्रह सोडला, कण्याच्या गादीचं तर नावही राहिलं नाही.

अतिनील किरणांचा खोडसाळपणा हा की पोळताना ते कळू देत नाहीत. आग सुरू होते तीन-चार तासांनी आणि चढत जाते बारा ते चोवीस तासांपर्यंत. अलिबागच्या किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावर सकाळ काढलेला माणूस रात्री अंथरुणाला पाठ टेकवू शकत नाही, ते यामुळे. ढगाळ हवेतही हे होतं, आणि पाण्यावरून, वाळूवरून परतणारे किरण त्यात भर घालतात. नुसती आग असेल तर ओलं फडकं, भरपूर पाणी आणि सावली पुरते. पाठभर फोड उठले, थंडी वाजून ताप आला, उलट्या, चक्कर किंवा बडबड सुरू झाली, तर ते नुसतं पोळणं राहिलेलं नसतं. त्यात उष्माघात मिसळलेला असू शकतो, आणि तिथे तासांचा हिशेब चालतो.

खालची जमीन मात्र निव्वळ उष्णतेनेच भाजते. किती उष्णता किती वेळ सोसते, याचा तक्ता मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या हार्वर्डच्या संशोधकांनी १९४७ मध्ये डुकरांच्या आणि स्वयंसेवकांच्या कातडीवर प्रयोग करून मांडला. ४४ अंश सेल्सिअसला कातडी मरायला सहा तास लागतात. ६० अंशांना पाचेक सेकंद. ७० ला एक सेकंदही पुरतो. नागपूर-चंद्रपूरच्या दुपारी डांबरी रस्ता साठीच्या पलीकडे सहज जातो. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरात, उन्हाळ्यात रस्त्यावर पडून भाजलेले रुग्ण हा जळीत विभागाच्या कामाचा ठरलेला भाग आहे: कुणी भोवळ येऊन पडलं, कुणाला उठता आलं नाही.

याच तक्त्यातून गोव्याच्या शिरगावचं कोडंही थोडं सुटतं. डिचोली तालुक्यातल्या या गावी वैशाख शुद्ध पंचमीला लईराई देवीची जत्रा भरते. व्रत धरलेले हजारो धोंड हातात वेताची काठी घेऊन, पहाटेच्या सुमारास होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून जातात. भक्ताला उत्तर देवीकडून मिळतं, ते त्याचं. पदार्थविज्ञान इतकंच सांगतं की लाकडाच्या निखाऱ्यातून उष्णता सावकाश सुटते आणि पाऊल त्यावर क्षणभरच टेकतं. १९३५ च्या सप्टेंबरात हॅरी प्राइस या इंग्रज संशोधकाने इंग्लंडात कार्शल्टन गावी खुदाबक्ष या काश्मिरी जादूगाराला निखाऱ्यांवरून चालवून हे तपासलं होतं. वरचं तापमान ४३० अंशांच्या आसपास भरलं, खुदाबक्षच्या तळव्यांना काही झालं नाही. त्याचं पाहून चालायला गेलेल्या एका हौशी इंग्रजाच्या पायाला मात्र फोड आले. निखाऱ्यावर घुटमळून चालत नाही.

घुटमळणारे पाय दुसरीकडे भेटतात. देवळाबाहेर चपला काढून, फरसबंद आवारातून अनवाणी प्रदक्षिणा घालणारा मधुमेही माणूस. वर्षानुवर्षांच्या साखरेने त्याच्या तळव्यांची जाणीव गेलेली असते, म्हणून फरशी तापलीय हे त्याला कळतच नाही; संध्याकाळी पाय धुताना तळव्याचं साल हाती येतं. बऱ्याच देवस्थानांनी उन्हाळ्यात आवारात काथ्याच्या पट्ट्या अंथरायला, पांढरा रंग मारायला, पाणी शिंपडायला सुरुवात केली आहे, ते या लोकांवर मोठेच उपकार आहेत. मधुमेह्याच्या पायावरचा लहानसा फोडही घरी बघण्याजोगा नसतो.

खोली कळली, पसारा किती, हा प्रश्न उरला. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री बोस्टनच्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ नाइटक्लबला आग लागली. कृत्रिम माडांची आणि कापडाची सजावट भडभडून पेटली, दारं अपुरी पडली, ४९२ माणसं मेली. त्या काळात बोस्टनमध्ये भाजण्याचा जेवढा बारकाईने अभ्यास झाला तेवढा आधी कुठेच झाला नव्हता. तिथल्याच लुंड आणि ब्राउडर यांनी १९४४ मध्ये वयागणिक शरीराचा नकाशा काढून कुठल्या भागाचं क्षेत्रफळ किती टक्के ते लिहिलं. १९५१ मध्ये एडिंबरोच्या वॉलेसने त्याचं तोंडपाठ व्हावं असं गणित प्रसिद्ध केलं: डोकं नऊ टक्के, एकेक हात नऊ, एकेक पाय अठरा, छाती-पोट अठरा, पाठ अठरा, राहिलेला एक. तान्ह्या मुलाचं डोकंच अठरा टक्के असतं, म्हणून मोठ्यांचं गणित त्याला लावता येत नाही. पेपरातल्या बातमीत ‘साठ टक्के भाजली’ असं येतं ते याच नकाशावरून.

टक्क्यांना एवढं महत्त्व का, हे १९२१ मध्ये न्यू हेवनच्या रियाल्टो थिएटरच्या आगीनंतर येल विद्यापीठाच्या फ्रँक अंडरहिलने सांगून ठेवलं होतं. फोडातलं पाणी तपासल्यावर ते जवळपास रक्तातल्या द्रवासारखंच निघालं. मोठं भाजलेला माणूस पहिल्या दिवशी मरतो तो आतल्या आत आटून. मोठ्या माणसाचं पंधरा टक्के, मुलाचं दहा टक्के अंग भाजलं, की सलाइनशिवाय गत्यंतर नाही, ही आजची ढोबळ रेषा आहे. घरच्या घरी मोजायला आपला नव्हे, भाजलेल्या माणसाचाच पंजा घ्यायचा: बोटांसकट तो त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. फोडांची जागा त्या पंजाहून मोठी असेल तर दवाखाना. चेहरा, हात, पाऊल, जांघ किंवा सांधा असेल तर पंजा मोजत बसायचंच नाही. दंडाला किंवा बोटाला कड्यासारखं गोल भाजलं असेल, विजेचा किंवा आम्लाचा चटका असेल, तरीही नाही. विजेची खूण वर तिळाएवढी असते, आत स्नायू शिजलेले असू शकतात आणि हृदयाची लय बिघडलेली असू शकते. नाकातले केस जळालेत, आवाज घोगरा झालाय, थुंकीत काजळी आहे, म्हणजे सुश्रुताचा धूमोपहत समोर आहे. अशाला जाताना वाटेतच श्वास लागू शकतो. तान्ही मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बायका यांना छोट्या जखमेसाठीही न्यावं. चार दिवसांनी ठणका वाढला, पू झाला, ताप आला, तरी जावं. धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं, हे घरात कुणालाच आठवत नाही, म्हणून तेही विचारून घ्यावं.

आणि जाताना जखम कोरी न्यावी. हा धडा वैद्यकाने १९४० च्या उन्हाळ्यात घेतला. १९२५ पासून भाजलेल्यावर टॅनिक आम्ल फवारण्याची टूम होती. चामडं कमावतात तशी जखम कमावली जाई, वर काळी कडक खपली धरे. ब्रिटनवरच्या हवाई युद्धात विमानाच्या टाकीतल्या पेट्रोलने चेहरे आणि हात भाजलेले तरुण वैमानिक ईस्ट ग्रिन्स्टेडच्या इस्पितळात येऊ लागले. टॅनिक आम्लाने त्यांची बोटं आखडत होती, पापण्या ओढल्या जात होत्या, आणि खपलीखाली काय चाललंय हे कुणाला दिसत नव्हतं. आर्चिबाल्ड मॅकिंडो याने ते बंद पाडलं. समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा जास्त चांगल्या भरतात हे पाहून त्याने मिठाच्या पाण्याची अंघोळ सुरू केली. त्याच्या रुग्णांनी १९४१ मध्ये स्वतःचा ‘गिनी पिग क्लब’ काढला, युद्ध संपेपर्यंत त्याचे सभासद सहाशेच्या वर गेले. आपल्याकडे तेच काम हळद, शाई, टूथपेस्ट आणि निळं औषध करतात. डॉक्टरला रंग वाचायचा असतो, आणि नेमका रंगच झाकलेला असतो. मग भाजल्या जागेवरून ते पुसून काढणं आलं.

महाराष्ट्राच्या जळीत विभागांत ऋतूपेक्षा स्वयंपाकघर जास्त बोललं. हवा भरायचा स्टो, नायलॉनची साडी आणि अरुंद खोली यांनी दोन-तीन पिढ्या बायका पोचवल्या. ‘स्टोचा भडका उडाला’ हे पंचनाम्यातलं वाक्य दर वेळी खरं नव्हतं, हेही सगळ्यांना माहीत होतं. १९८३ मध्ये दंडसंहितेत सासरच्या छळाविरुद्धचं ४९८ अ कलम आलं ते त्या पार्श्वभूमीवर. अशा विभागांत खाटा कमी, पैसा कमी, परदेशी ड्रेसिंग परवडण्याबाहेर. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातल्या डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग जगापुढे मांडलं. साली जाळीच्या कापडावर चिकटवायच्या, निर्जंतुक करायच्या आणि जखमेवर ठेवायच्या. जखम सुकत नाही आणि पट्टी ओढताना चिकटत नाही. १९९१ मध्ये सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातून डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांचा मधावरचा शोधनिबंध ब्रिटिश शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात आला. १०४ रुग्ण, निम्म्यांना मध आणि निम्म्यांना चांदीचं नेहमीचं मलम. मधाखालच्या जखमा लवकर निर्जंतुक झाल्या. पारेच्या दोन गालांचा हा थेट वंशज.

मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने देशातली पहिली त्वचापेढी उभी राहिली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या आणि पाठीवरून कातडीचा कागदासारखा पातळ थर घेतात, ग्लिसरॉलमध्ये ठेवतात, आणि रक्तगट न जुळवता तो दुसऱ्याच्या उघड्या जखमेवर तात्पुरतं पांघरूण म्हणून घालतात. पण मिळणारी कातडी गरजेच्या मानाने कायम थोडी. त्यामुळे त्याच रुग्णालयात एक पान आजमावलं गेलं, बाजारात जेवणावळीसाठी मिळणारं केळीचं. मधली शीर काढून, कापडाला चिकटवून, वाफेवर निर्जंतुक करून. सुश्रुत अतिदग्धाची जखम गुळवेलीच्या किंवा कमळाच्या पानांनी झाकायला सांगतो. सायनच्या डॉक्टरांनी २००३ साली केळीच्या पानाचे निष्कर्ष छापले: बटाट्याच्या सालीइतकंच गुणकारी, तयार करायला सोपं आणि कितीतरी स्वस्त. पट्टी बदलायच्या वेळी पान अलगद सुटून येतं, आणि खाली नवी कातडी ओलसर गुलाबी, हात लावला तर आई गं म्हणायला लावणारी.